शिकण्याची फी कोण भरतं?

नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या फॉर्मवर आणि हल्ली चहाच्या टपरीवरही एक प्रश्न हमखास येतो : तुझं ‘पर्पज’ काय? हाच प्रश्न मराठीत विचारून बघा. ‘तुझ्या जगण्याचं प्रयोजन काय?’ असं कुणी टपरीवर विचारलं तर समोरच्याचा चहा सांडेल. इंग्रजीत मात्र तो सहज खपतो आणि उत्तर आलं नाही की विशी-पंचविशीतला माणूस मनातल्या मनात नापास होतो.

मोबाईल उघडला की या प्रश्नाचं तयार उत्तरही मिळतं. आधी आपलं प्रयोजन शोधा, मग त्याभोवती धंदा उभा करा. आणि शिकत राहा, नाहीतर मागे पडाल. ऐकायला दोन्ही सल्ले ठीक आहेत. शिकत राहणं चांगलंच, स्वतःचं काहीतरी उभं करणंही चांगलंच. पण मला वाटतं, यात क्रम उलटा झालाय. शिवाय या हिशेबातून एक मोठी रक्कम गाळली गेली आहे. ती कोणती, हे सांगायला दोन माणसांची गोष्ट सांगावी लागेल. दोघांची नावं तुम्हाला पाठ आहेत. एकाचं शेतातल्या पंपावर असतं आणि दुसऱ्याचं पुरस्कारावर.

१८८५ साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन मुलगे दाखल झाले. एक बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा, सोळा वर्षांचा लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. दुसरा त्र्यंबकेश्वरचा, पंधरा वर्षांचा धुंडिराज गोविंद फाळके. दोघांनाही चित्रकलेचा नाद.

लक्ष्मणचं चित्रकलेचं स्वप्न दोन वर्षांत संपलं. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नव्हता. रंगच दिसत नसतील तर कुंचला घेऊन करायचं काय? त्याने रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. तो ते शिकला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागला. दरम्यान सायकल नावाची नवी वस्तू बाजारात आली होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे, तिथे थोरले भाऊ रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. अमेरिकेहून येणारी यंत्रांवरची मासिकं वाचून ते शिकत राहिले, कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

हा माणूस नांगरासाठी जन्मला होता, असं आज कुणीही भाषणात ठोकून देईल. पण तो चित्रकार व्हायला निघाला होता, वाटेत मास्तर झाला आणि सायकलींच्या दुकानातून नांगरापर्यंत पोचला. त्याला आधीच ‘पर्पज’ विचारून पक्कं करून टाकलं असतं, तर उत्तर जलरंगात आलं असतं.

फाळक्यांची गोष्ट याहून वाकडीतिकडी. जे. जे. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि इतर कला, मग फोटोग्राफी. गोध्र्यात स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुढे बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा मांडला, तर लोक फिरकेनात, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत होती. मग जादू शिकले. आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोगही केले. पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी केली, ती सोडून छापखान्यात शिरले, रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले आणि परतल्यावर भागीदारांशी बिनसून तिथूनही बाहेर पडले. चाळिशी आली होती, हातात काही नव्हतं. आजच्या एखाद्या एचआरवाल्याने हा बायोडेटा पाहिला असता तर पहिल्या पानावरच ‘अस्थिर’ असा शेरा मारला असता.

त्या सुमारास मुंबईच्या तंबू-थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांना पडद्यावर आणायचं वेड डोक्यात शिरलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे : विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन, तिथून कॅमेरा, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’.

आता मागे वळून पाहिलं तर सगळं कसं जुळून आल्यासारखं दिसतं. फोटोग्राफी कॅमेऱ्याला कामी आली, चित्रकला आणि शिल्पकाम नेपथ्याला, जादू चमत्काराच्या दृश्यांना. पण १८८५ मध्ये सिनेमा नव्हताच! ल्युमिए बंधूंनी पॅरिसात पैसे घेऊन पहिला खेळ दाखवला तो १८९५ च्या डिसेंबरात आणि मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तो आला जुलै १८९६ मध्ये. पंधरा वर्षांच्या धुंडिराजाने कितीही आत्मचिंतन केलं असतं, डोळे मिटून महिनाभर बसला असता, तरी आपलं प्रयोजन त्याला आत सापडलं नसतं, कारण ती वस्तूच अजून जगात यायची होती. तुम्ही आज जे शोधताय तेही कदाचित अजून कुणी बनवलेलं नसेल.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, ही जिंकलेल्यांची गोष्ट आहे. जादू, छपाई आणि फोटोग्राफी शिकून कशाचाही मेळ न बसलेली माणसं त्या काळातही असणार, त्यांची चरित्रं कोण लिहितं? आक्षेप बरोबर आहे. शिकलेलं सगळं कधीतरी उपयोगी पडतंच, हे मी म्हणणार नाही. ती सांत्वनासाठी रचलेली गोष्ट आहे. मी एवढंच म्हणतोय की ज्यांना प्रयोजन सापडलं असं आपण मानतो, त्यांनाही ते निघायच्या आधी ठाऊक नव्हतं. मग ज्याला ते अजून ठाऊक नाही, त्याने स्वतःला कमी का समजावं?

मग उद्योगात शिकणं आणि वर्गात शिकणं, यात फरक काय? लोखंडी नांगराकडे पुन्हा जाऊ. लक्ष्मणरावांनी नांगर केला, पण शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं लोक म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट सांगताना आपण सहसा शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसतो आणि उद्योजकाच्या चिकाटीला टाळ्या देतो. मला मात्र त्या नकारात दम वाटतो. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बांधून द्यायचा, त्याचा मोबदला सुगीला धान्यात जायचा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं. लोखंडी नांगराचा फाळ ऐन नांगरटीत झिजला किंवा तुटला तर तो बेळगावहून कधी येणार आणि तोवर जमिनीची वाफ थोडीच थांबणार आहे? रोख पैसे मोजायचे ते वेगळेच. विषाची समजूत खोटी होती, पण तिच्या पोटातली भीती खोटी नव्हती. नांगर विकायचा तर आधी ही भीती समजून घ्यावी लागते, वस्तू सुधारावी लागते, सुटे भाग गावापर्यंत पोचवावे लागतात, शेतात उभं राहून नांगरून दाखवावं लागतं. हे कुठल्या मासिकात छापून येत नाही. गंमत बघा, बडोद्यात फाळक्यांपुढे हीच भिंत उभी होती. लोखंड जमीन मारतं आणि कॅमेरा माणूस मारतो. एकाला ती भिंत ओलांडता आली, दुसऱ्याचा तो धंदा तिथेच बसला.

परीक्षेत चूक झाली तर गुण जातात. उद्योगात चूक झाली तर समोरचा माणूस पाठ फिरवून निघून जातो, आणि त्याने पाठ का फिरवली ते आपल्यालाच शोधावं लागतं. मला वाटतं प्रयोजन इथे जन्मतं. ते आपल्या आत पुरलेला हंडा नसतं, की खणलं आणि सापडलं. आपण केलेली वस्तू आणि ती नाकारणारा माणूस यांच्यामध्ये ते हळूहळू तयार होतं. लक्ष्मणरावांना शेतकऱ्याची कळकळ होती म्हणून त्यांनी नांगर केला, की नांगर विकता विकता शेतकऱ्याची कळकळ लागली? मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. लग्न ठरवून झालेल्या कितीतरी घरांत प्रेम असंच नंतर येतं.

एक कसोटीही यातून हाती लागते. जेवण पोचवणाऱ्या किंवा गाडी चालवणाऱ्या मुलांना अ‍ॅपवाल्या कंपन्या कामगार म्हणत नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात. स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल, स्वतःची वेळ, म्हणजे म्हणे छोटा उद्योजकच. पण भाव अ‍ॅप ठरवतं, गिऱ्हाईक अ‍ॅप देतं, रस्ता अ‍ॅप दाखवतं. गिऱ्हाइकाने एक तारा दिला तर का दिला हे कळत नाही. म्हणजे उद्योगातली सगळी जोखीम त्या मुलाची आणि उद्योगातून जे शिकायला मिळतं ते सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. त्याच्या रोजच्या फेऱ्यांतून शहर कसं जेवतं हे कंपनी शिकते. तो स्वतः पाच वर्षांनी तिथेच असतो, फक्त पाठ दुखायला लागलेली असते. याला उद्योजकता म्हणणं मला पटत नाही.

‘आयुष्यभर शिकत राहा’ हा सल्लाही मला या एका प्रश्नापुढे उभा करावासा वाटतो : शिकतोय कोण आणि त्याचं मोल कोण देतंय? पगारदार मुलंमुली रात्री अकरा वाजता ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ दीडपट वेगाने संपवतात, सर्टिफिकेट टाकतात आणि पुढचा कोर्स घेतात. त्यातल्या कितीजणांना तो विषय आवडतो? बरेचदा मागे लागलेली असते ती पुढच्या कपातीच्या यादीत आपलं नाव येण्याची धास्ती. पूर्वी नवं तंत्र शिकवायचा खर्च मालकाचा असायचा, आता तो हळूच नोकराच्या रात्रीवर टाकला गेलाय आणि त्याला ‘ग्रोथ माइंडसेट’ असं गोड नाव मिळालंय.

शिकण्याची फी हा विषय आपल्याकडे जुना आहे. एकलव्याने अंगठा दिला हे आपण लहानपणी ऐकतो. पण एकलव्याची फी निदान एकलव्यानेच भरली. उद्योजकाच्या गोष्टीत फी बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी भरत असतं, आणि सुरुवातीला म्हटलेली हिशेबातून गाळलेली रक्कम ती हीच.

लक्ष्मणरावांना मुंबईला शिकायला पाठवण्याचा भार रामुअण्णांनी उचलला. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानावरची बत्तीस एकर जमीन दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. दोन वर्षं एकही नांगर न खपता तगून राहायचं तर मागे भाऊ लागतो, ओळखीपाळखी लागतात, राजाच्या दारी शिरता येईल असं शिक्षण आणि जात लागते. गावचे सुतार आणि लोहार कित्येक पिढ्या नांगरच घडवत होते. लोखंडाची आणि लाकडाची समज त्यांना कुठल्याही मासिकाशिवाय होती. त्यांच्यातल्या एखाद्याने नवा नांगर करून पाहिला असता आणि दोन वर्षं तो खपला नसता, तर त्याच्या घरात तिसऱ्या महिन्यात चूल पेटली नसती. चुकायची ऐपत सगळ्यांना सारखी वाटलेली नसते. ‘जोखीम घ्या’ असं स्टेजवरून सांगणाऱ्यांनी हे एक वाक्य तरी जोडावं.

लक्ष्मणरावांच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे, की त्या माळरानावर शिकणारे ते एकटेच नव्हते. शाळा पुरी न केलेला माणूस तिथे यंत्रं रचू लागला. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती त्यांनी वसाहतीचा रात्रीचा पहारा दिला. शिवाशीव तिथे चालू दिली नाही. आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्र शं. वा. किर्लोस्करांच्या हाती मराठीतलं एक नावाजलेलं मासिक झालं, त्यापाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं. नांगर विकणाऱ्या घराने वाचक घडवावा, हे मला त्या कारखान्याच्या कुठल्याही ताळेबंदापेक्षा मोठं वाटतं. ज्यांच्या जिवावर आपण शिकलो त्यांना शिकायची जागा करून देणं, याहून प्रामाणिक परतफेड मला सुचत नाही.

फाळक्यांची फी सरस्वतीबाईंनी भरली. दागिने दिले, हे तर नेहमी सांगितलं जातं आणि आपण ‘त्यागमूर्ती’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांनी फक्त दिलं नाही, त्या शिकल्या. तेव्हा फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं आपणच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करायच्या. रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायच्या. पैसेवाल्यांना पटावं म्हणून फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ महिनाभर रोज थोडी थोडी टिपली आणि अंकुराचा वेल होताना काही क्षणांत दाखवला. त्या महिन्यात घरात काय शिजत होतं आणि कशावर, याचं चित्र कुणी घेतलं नाही.

आज एखादी मुलगी नवऱ्याच्या स्टार्टअपचे हिशेब सांभाळते, रात्री गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं देते, स्वतःच्या पगारातून घराचा हप्ता भरते आणि मुलाखतीत ‘सपोर्टिव्ह वाइफ’ म्हणून एका ओळीत येते. तिलाही प्रयोजन असेल, हा प्रश्न मुलाखत घेणाऱ्याला सुचत नाही. प्रयोजन फक्त संस्थापकाला असतं, बाकीच्यांना त्याचं प्रयोजन पुरवायचं असतं, असं आपण कधी ठरवून टाकलं?

उरला यशाचा प्रश्न. किर्लोस्करांचा उद्योग टिकला, वाढला. फाळक्यांचं तसं झालं नाही. ‘लंकादहन’सारखे चित्रपट खूप चालले, नाशिकला कंपनी निघाली, मग भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. ते काही काळ काशीला जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, परत आले. तेवढ्यात १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. ज्याने मुक्या चित्रांना हलवलं त्याचं सगळं कसब एका वर्षात जुनं झालं. अविरत शिकणारा माणूसही मागे पडतो, हे कोर्स विकणारे सांगत नाहीत. एकट्याने सगळं शिकता आलेल्या फाळक्यांना दुसऱ्याबरोबर काम करणं मात्र कधी नीट साधलं नाही, असं मला त्यांच्या भागीदाऱ्यांचा इतिहास पाहून वाटतं. किर्लोस्करांच्या आणि त्यांच्या वाटा इथे जास्त फुटल्या, बुद्धीत नव्हे.

तरीही सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, फाळके कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा बोलपट घेऊन उभे राहिले. आवाजाचं यंत्र नवं, माणसं नवी, पैसा दुसऱ्याचा. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही त्यांच्यापासून केव्हाच दूर गेली होती. लक्ष्मणराव आणखी बारा वर्षं जगले. १९६९ साली सरकारने लक्ष्मणरावांचं टपाल तिकीट काढलं आणि फाळक्यांच्या नावाचा पुरस्कारही त्याच वर्षी सुरू झाला.

‘गंगावतरण’च्या वेळी फाळक्यांना कुणी विचारायला हवं होतं, आता या वयात कशासाठी? उत्तर काय आलं असतं याचा मी बऱ्याचदा विचार करतो. मग वाटतं, विचारायचंच तर सरस्वतीबाईंनाही विचारायला हवं होतं. अंधाऱ्या खोलीत, फिल्मची पट्टी बोटांनी चाचपत, एका भोकापासून दुसऱ्या भोकाचं अंतर चुकू न देता त्या रात्र रात्र बसल्या होत्या. ते अंतर चुकलं असतं तर हरिश्चंद्र पडद्यावर नीट चाललाही नसता.